गच्चीवरून ग्रहगती: परिवलन आणि परिभ्रमण स्वतःच्या डोळ्यांनी वेगळं करायला शिका

शाळेत आपण सगळेच पाठ करतो: स्वतःभोवती फिरणं ते परिवलन, दुसऱ्याभोवती फिरणं ते परिभ्रमण. आकृती काढतो, बाण दाखवतो, गुण मिळवतो. पण रात्री गच्चीवर कुणी विचारलं की आत्ता समोर जे सरकतंय त्यात परिवलन कोणतं आणि परिभ्रमण कोणतं, तर भलेभले गोंधळतात. या दोन्ही गती आकाशात एकमेकींत मिसळलेल्या दिसतात आणि त्या वेगळ्या कशा करायच्या हे सहसा कुणी शिकवत नाही.

त्या वेगळ्या करायची एक रीत आहे. तासाभरात आकाश जे सरकतं ते पृथ्वीचं परिवलन. रोज त्याच वेळी पाहिल्यावर जे हललेलं दिसतं ते कुणाचं ना कुणाचं परिभ्रमण: पृथ्वीचं, चंद्राचं किंवा एखाद्या ग्रहाचं. वेळ तीच ठेवली की परिवलनाचा हिस्सा जवळजवळ पूर्ण वजा होतो आणि परिभ्रमण तेवढं उरतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच रीतीवर आधारलेल्या आहेत.

साहित्य फार लागत नाही. वही, पेन्सिल आणि सेकंद दाखवणारं घड्याळ पहिल्या तीन पायऱ्यांना पुरतं. चौथीसाठी १० × ५० ची (दहा पट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) बायनॉक्युलर हवी. विकत घेण्याआधी कुणाची तरी मागून पाहा. मोबाइलवर स्टेलॅरियमसारखं आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप ठेवायला हरकत नाही, फक्त आधी आकाश पाहा, वहीत लिहा आणि मग ॲपमध्ये ताळा करा. उलट क्रमाने गेलात तर ॲपच पाहत बसाल. महाराष्ट्रात पावसाळ्याचे चार महिने या कामाचे नाहीत. कोजागिरीला सुरुवात केली तर होळीपर्यंत भरपूर स्वच्छ रात्री मिळतात. आणि एक गोष्ट मुलांना पहिल्याच दिवशी बजावा: बायनॉक्युलर किंवा दुर्बीण सूर्याकडे कधीही वळवायची नाही, डोळा कायमचा जाऊ शकतो.

पायरी १: पृथ्वीचं परिवलन सेकंदात मोजा

सूर्य पूर्वेला उगवून पश्चिमेला मावळतो एवढ्यावरून पृथ्वी फिरते हे सिद्ध होत नाही. सूर्य फिरतो असं मानलं तरी तसंच दिसेल. पण फिरण्याचा काळ नेमका मोजला तर पुष्कळ काही उलगडतं, आणि तो घरच्या घरी मोजता येतो.

गच्चीवर दक्षिणेकडे तोंड करून बसा. समोर दूर एखाद्या इमारतीची उभी, सरळ कड दिसेल अशी जागा निवडा. डावीकडून उजवीकडे सरकत येऊन त्या कडेआड जाणारा एक ठळक तारा धरा. जानेवारी-फेब्रुवारीत रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला खाली चमकणारा अगस्त्य यासाठी उत्तम आहे, किंवा त्याच्या बराच वर असणारा व्याध. एक डोळा मिटा, डोकं भिंतीला किंवा खुर्चीच्या पाठीला टेकवा आणि तारा कडेआड गुडूप होतो त्या क्षणाची वेळ सेकंदासकट लिहा. ताऱ्याला आकारच दिसत नाही, त्यामुळे तो हळूहळू विझत नाही, झटकन जातो.

दुसऱ्या दिवशी त्याच जागी, त्याच खुर्चीत, डोकं त्याच ठिकाणी टेकवून पुन्हा पाहा. तारा सुमारे ३ मिनिटं ५६ सेकंद आधीच गेलेला असेल. म्हणून दहा मिनिटं आधी जाऊन बसा, नाहीतर प्रयोग हुकतो. डोक्याची जागा बदलू देऊ नका: वीसेक मीटरवरच्या भिंतीसमोर डोकं एका सेंटिमीटरने सरकलं तरी उत्तर काही सेकंदांनी चुकतं. इमारत जितकी लांब, तितकी ही चूक कमी.

याचा अर्थ पृथ्वीची स्वतःभोवतीची एक फेरी २४ तासांची नाही. ती २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांची आहे. आर्यभटांनी इसवी सन ४९९ मध्ये लिहिलेल्या ग्रंथातल्या आकड्यांवरून हाच काळ सेकंदाच्या अंशापर्यंत जुळतो. नावेतून पुढे जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसेच स्थिर तारे आपल्याला पश्चिमेकडे जाताना दिसतात, हा दृष्टान्तही त्यांचाच.

मग घड्याळात २४ तास का? पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर ती सूर्याभोवती सुमारे एक अंश पुढे गेलेली असते. सूर्य पुन्हा डोक्यावर यायला तिला तो एक अंश जास्त वळावं लागतं, आणि त्याला चार मिनिटं लागतात. वर्षभर ही चार-चार मिनिटं साठली की बरोबर एक दिवस होतो. म्हणजे वर्षात सूर्य ३६५ वेळा उगवतो, पण पृथ्वी स्वतःभोवती ३६६ वेळा फिरते. फेऱ्यांमधून एक वजा केला की दिवस मिळतात. हा ‘वजा एक’चा हिशेब लक्षात ठेवा, पुढे चंद्र, बुध आणि शुक्र यांची कोडी तोच सोडवणार आहे.

पृथ्वी फिरते याचा थेट पुरावा हवा असेल तर पुण्यात आयुका या खगोल संशोधन संस्थेच्या आवारातला फुकोचा लंबक पाहा. लेऑं फुकोने १८५१ मध्ये पॅरिसमध्ये हा प्रयोग करून दाखवला. लंबक एकाच पातळीत झोके घेत राहतो आणि खालची जमीन वळते, म्हणून झोक्याची दिशा वळल्यासारखी दिसते. पॅरिसला ही दिशा सुमारे ३२ तासांत पूर्ण फिरते. पुणे विषुववृत्ताला जवळ असल्याने इथे तिला सुमारे ७५ तास लागतात.

पायरी २: पृथ्वीचं परिभ्रमण, मृग नक्षत्राच्या मदतीने

चार मिनिटांचा फरक महिन्यात दोन तासांचा होतो, आणि तेवढा फरक मोजायला घड्याळही लागत नाही. डिसेंबरच्या मध्याला मध्यरात्री मृग नक्षत्र जवळपास डोक्यावर असतं. मार्चमध्ये ते दिवेलागणीलाच तिथे आलेलं दिसतं. मेच्या मध्याला संध्याकाळी पश्चिमेला टेकतं आणि मग काही आठवडे दिसतच नाही.

नेमक्या त्याच सुमारास, जूनच्या ७-८ तारखेला, गावागावांत ‘मृग लागला’ म्हणतात आणि पेरणीची घाई सुरू होते. त्या दिवशी सूर्य मृग नक्षत्रात शिरतो. म्हणजे पृथ्वीवरून सूर्याकडे पाहिलं तर त्याच्या पाठीमागे मृगाचे तारे असतात, आणि म्हणूनच ते दिसत नाहीत. सूर्य नक्षत्रांतून चालतोय असं वाटतं ते आपण त्याच्याभोवती फिरतोय म्हणून. शेतकऱ्याचं पावसाचं पंचांग हे पृथ्वीच्या परिभ्रमणाचं वेळापत्रक आहे, असं म्हणायला मला अजिबात संकोच वाटत नाही.

ऋतूंबद्दल थोडक्यात. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याच्या जवळ असते हा समज सोडून द्या. ती सर्वांत जवळ असते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर, म्हणजे आपल्याकडे थंडी पडलेली असताना. जुलैच्या सुरुवातीला हेच अंतर १५.२ कोटी असतं. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष २३.४ अंशांनी कललेला आहे म्हणून. कक्षेत ती कुठेही असली तरी तो अक्ष एकाच दिशेला रोखलेला राहतो. हा कल पाहायचा तर शून्य सावलीचा दिवस चुकवू नका: सिंधुदुर्गात मेच्या पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मेच्या सुमारास, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. दुपारी साडेबाराच्या आगेमागे उभ्या काठीची सावली काही क्षण पायाशीच नाहीशी होते. पुढे हेच जुलै-ऑगस्टमध्ये पुन्हा घडतं, पण तेव्हा ढगांमुळे दिसण्याची आशा कमीच.

पायरी ३: चंद्र, इथे जास्तीत जास्त वेळ द्या

नवशिक्याने फक्त एकच गोष्ट पाहायची ठरवली तर मी चंद्रच सांगेन. त्याचं परिभ्रमण एका रात्रीतही दिसतं.

चंद्राच्या जवळ एखादा ठळक तारा असेल ती रात्र निवडा, उदाहरणार्थ रोहिणी. दोघांमधलं अंतर वहीत काढा आणि तासाभराने पुन्हा पाहा. परिवलनामुळे दोघेही पश्चिमेला सरकलेले असतील, पण चंद्र रोहिणीच्या मानाने पूर्वेकडे साधारण स्वतःच्या रुंदीइतका हललेला दिसेल. ही त्याची स्वतःची चाल. दिवसभरात ती सुमारे १३ अंश होते. हात लांब करून वळलेली मूठ साधारण दहा अंश झाकते, म्हणजे रोज मुठीहून थोडं जास्त. आज रोहिणीपाशी असलेला चंद्र उद्या मृगाच्या उत्तरेला दिसतो तो यामुळे. आकाशाच्या पट्ट्यात २७ नक्षत्रं मानली गेली तीही याच चालीवरून, कारण चंद्राला त्याच ताऱ्यापाशी परतायला २७.३ दिवस लागतात.

आता वहीत एक गंमत सापडेल. चंद्र रोहिणीपाशी परत आला त्या रात्री त्याची कला मागच्यासारखी नसते. तीच कला यायला अजून दोन दिवस जातात, कारण पौर्णिमा ते पौर्णिमा हा काळ २९.५ दिवसांचा आहे. त्या २७ दिवसांत पृथ्वी सूर्याभोवती पुढे गेली, सूर्याची दिशा बदलली आणि चंद्राला ती गाठायला जादा चालावं लागलं. पुन्हा ‘वजा एक’: वर्षात चंद्राच्या ताऱ्यांच्या संदर्भातल्या फेऱ्या १३.३७, त्यातून एक गेला की चांद्रमास १२.३७. वरचा ०.३७ महिना म्हणजे जवळपास ११ दिवस. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा एवढंच लहान पडतं, आणि ही तूट भरायला साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक मास घालावा लागतो. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला होता तो या हिशेबाने.

चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा का उगवतो, हेही आता कळेल. पृथ्वी एक फेरी पूर्ण करते तोवर तो १३ अंश पुढे गेलेला असतो. पौर्णिमेला सूर्यास्ताच्या सुमारास उगवणारा चंद्र चार दिवसांनी सव्वातीन-साडेतीन तास उशिरा येतो. संकष्टीला उपवास सोडायला नऊ-साडेनऊ वाजतात ते म्हणूनच. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायला तिथीला पाऊणने गुणतात: चतुर्थीला तीन वाजता पूर्ण भरती, अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं, चंद्राच्या रोजच्या उशिराच्या अगदी जवळ.

मग दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेला सुमारे पाच अंशांनी तिरकी आहे. बहुतेक अमावास्यांना तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो.

चंद्र स्वतःभोवती फिरतो का?

हा प्रश्न प्रत्येक गटात येतो, आणि ‘आपल्याला एकच बाजू दिसते, म्हणजे तो फिरत नाही’ असं उत्तर हमखास मिळतं. अंगणात तुळशीवृंदावन असेल तर त्याला एक प्रदक्षिणा घाला. तुमचा उजवा खांदा सतत तुळशीकडे राहतो. तुळशीला तुमची एकच बाजू दिसते. पण चालताना तुमचं तोंड कुठे कुठे होतं ते पाहा: आधी फाटकाकडे, मग विहिरीकडे, मग घराकडे, मग रस्त्याकडे. चारही दिशांना तोंड झालं म्हणजे तुम्ही स्वतःभोवती पूर्ण एकदा फिरलात. चंद्र हेच करतो. फक्त उत्तरेकडून पाहिलं तर तो प्रदक्षिणेच्या उलट दिशेने जातो. त्याचं परिवलन आणि परिभ्रमण दोन्ही २७.३ दिवसांचं आहे.

हा योगायोग नाही. चंद्र आपल्या समुद्राला भरती आणतो, तसंच पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण चंद्राच्या घन खडकालाही ओढून किंचित फुगवतं. पूर्वी चंद्र जास्त वेगाने फिरत असताना हा फुगवटा पृथ्वीच्या रेषेतून पुढे सरकायचा आणि पृथ्वी त्याला मागे खेचायची. हा ब्रेक लागत लागत शेवटी एक बाजू कायमची पृथ्वीकडे झाली. आपल्या भरती-ओहोटीमुळे पृथ्वीलाही असाच ब्रेक लागतोय. तिचं परिवलन अतिशय हळू मंदावतंय आणि चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जातोय. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या आरशांवर लेझर सोडून हे मोजलं गेलं आहे.

आता बायनॉक्युलर असेल तर जवळून पाहायची गोष्ट. शुक्ल पक्षात चंद्राची जी कड आधी उजळते तिच्याजवळ एक सुटा, लंबगोल, काळसर डाग आहे. त्याचं नाव मारे क्रिसियम. पंचमी ते पौर्णिमेच्या दरम्यान त्याचं चित्र काढा आणि त्याच्या व चंद्राच्या कडेमधल्या उजळ पट्टीची रुंदी डागाच्या रुंदीच्या मानाने लिहा. चार-सहा महिन्यांची चित्रं शेजारी ठेवली की पट्टी कधी अरुंद, कधी रुंद झालेली दिसेल. चंद्र मान डोलावतोय असा भास होतो. तो स्वतःभोवती एकसारख्या वेगाने फिरतो, पण कक्षा लंबवर्तुळाकार असल्याने पृथ्वीच्या जवळ असताना भरभर आणि दूर असताना सावकाश पुढे सरकतो. दोन्ही फेऱ्या एकाच वेळी संपतात, पण मध्ये एक पुढे-मागे होते. खगोलशास्त्रज्ञ केप्लरने १६०९ मध्ये ग्रहांसाठी मांडलेला वेगाचा नियम असा चंद्राच्या कडेवर वाचता येतो. या डोलण्यामुळे एकूण ५९ टक्के चंद्र पृथ्वीवरून दिसतो. उरलेला भाग पहिल्यांदा दिसला ऑक्टोबर १९५९ मध्ये, सोव्हिएत संघाच्या लुना ३ यानाने छायाचित्रं पाठवली तेव्हा.

त्या मागच्या बाजूला ‘अंधारी बाजू’ म्हणू नका. तिथेही बरोबर आपल्या बाजूइतकंच ऊन पडतं. चंद्रावरचा एक दिवस, सूर्योदय ते सूर्योदय, २९.५ पृथ्वी-दिवसांचा असतो. चांद्रयान-३ चं विक्रम २३ ऑगस्ट २०२३ ला उतरलं ते उतरण्याच्या जागी नुकताच सूर्य वर आलेला असताना, आणि काम करायला त्याला साधारण चौदा दिवसांचा उजेड होता. तारीख ठरली ती चंद्राच्या या संथ परिवलनावरून.

पायरी ४: गुरूचे चंद्र, एक लहान सूर्यमाला

गुरू दर तेरा महिन्यांनी आकाशात सूर्याच्या बरोबर विरुद्ध बाजूला येतो आणि तेव्हा रात्रभर दिसतो. त्याच्या आगेमागचे दोन-तीन महिने या कामाला चांगले. बायनॉक्युलर हातात नुसती धरून चालत नाही. कोपर कठड्यावर टेकवा किंवा ती तिवईला बांधा. गुरूच्या दोन्ही बाजूंना, जवळजवळ एका रेषेत, बारीक ठिपके दिसतील. एका रेषेत, कारण त्यांच्या कक्षा एकाच पातळीत आहेत आणि आपण ती पातळी कडेने पाहतो.

वहीत रोज एकच ओळ काढा: मध्ये गोल, दोन्ही बाजूंना ठिपके, शेजारी तारीख आणि वेळ. नावं लिहायची घाई करू नका. गॅलिलिओने ७ जानेवारी १६१० ला असंच तीन ठिपक्यांचं चित्र काढलं होतं, दोन एका बाजूला आणि एक दुसऱ्या. ते तारेच असावेत असं त्याला वाटलं. दुसऱ्या रात्री तिन्ही एकाच बाजूला दिसले. १३ जानेवारीला चौथा सापडला.

पंधरवड्याच्या चित्रांवरून तुम्ही स्वतःच चौघांना ओळखाल. गुरूला चिकटून राहतो आणि एका संध्याकाळी या बाजूला, तर दुसऱ्या संध्याकाळी त्या बाजूला असतो तो आयो, त्याची फेरी १.७७ दिवसांची. बायनॉक्युलरमध्ये तो गुरूच्या झगमगाटात बऱ्याचदा हरवतो. युरोपा ३.५५ दिवसांत फिरतो. सर्वांत ठळक गॅनिमीड, ७.१५ दिवस. लांब जाऊन आठवडाभराने दुसऱ्या टोकाला पोहोचतो तो कॅलिस्टो, १६.६९ दिवस. पहिल्या तिघांचे काळ एकास दोनास चार अशा प्रमाणात आहेत. या ठरलेल्या तालामुळे आयोची कक्षा पूर्ण गोल होऊ शकत नाही, तो गुरूच्या ओढीने सतत मळला जातो आणि आतून तापतो. तिथले जागृत ज्वालामुखी १९७९ मध्ये व्हॉयेजर १ यानाने पाहिले.

गुरूचं स्वतःचं परिवलन दहा तासांहूनही कमी आहे, सगळ्या ग्रहांत सर्वांत वेगवान. एवढ्या वेगामुळे तो मध्यावर फुगला आहे: विषुववृत्ताशी व्यास सुमारे १,४३,००० किलोमीटर, ध्रुवांमधून सुमारे १,३४,०००. लहानशा दुर्बिणीतून नीट पाहिलं तर तो चपटा असल्याचं डोळ्यांना कळतं.

पायरी ५: कागदावर एक हिशेब

तुमच्या नोंदींवरून एक गोष्ट दिसेल: जो जवळ तो भरभर, जो लांब तो सावकाश. केप्लरने १६१९ मध्ये याचं सूत्र दिलं. अंतराचा घन आणि काळाचा वर्ग एकाच प्रमाणात असतात. पृथ्वीचं सूर्यापासूनचं अंतर १ धरलं तर गुरूचं ५.२. त्याचा घन १४०.६, आणि त्याचं वर्गमूळ ११.८६. गुरूचं वर्ष ११.८६ पृथ्वी-वर्षांचं आहे. आता हेच गुरूच्या चंद्रांना लावा. कॅलिस्टो आयोपेक्षा ४.४६ पट लांब आहे. घन करून वर्गमूळ काढलं की ९.४२ येतात, आणि १.७७ गुणिले ९.४२ म्हणजे १६.७ दिवस. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर हे जुळताना पाहिलं की मला आजही आनंद होतो.

आपल्या परंपरेत हे काळ रुजलेले आहेतच. गुरू एका राशीत साधारण वर्षभर राहतो, म्हणून नाशिक-त्र्यंबकेश्वरचा सिंहस्थ बारा वर्षांनी भरतो: २००३, मग २०१५. शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं, आणि तीन राशी मिळून साडेसात. फलज्योतिषावर कुणाचा विश्वास असो वा नसो, साडेसाती हा आकडा शनीच्या परिभ्रमणातून आला आहे.

परिवलनाला मात्र असं कोणतंही सूत्र नाही. परिभ्रमणाचा काळ अंतरावरून ठरतो, परिवलनाचा काळ त्या गोलाच्या इतिहासावरून: तो कशातून जमला, त्याच्यावर काय आदळलं, भरती-ओहोटीने त्याला किती ब्रेक लावला. नवशिक्यांनी हा फरक पक्का केला तर पुढची बरीच कोडी पडतच नाहीत.

आणि हे सगळे खाली का पडत नाहीत? ते पडतच असतात. चंद्र दर सेकंदाला पृथ्वीकडे सुमारे १.४ मिलिमीटर पडतो, पण त्याच सेकंदात तो आडवा एक किलोमीटर पुढे गेलेला असतो. पडणं आणि पुढे जाणं यांचा मेळ बसला की कक्षा तयार होते. त्याला पुढे ढकलत राहायला कुणी लागत नाही, कारण वाटेत अडवायलाच काही नाही. सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर हा मेळ बरोबर २३ तास ५६ मिनिटांच्या फेरीत बसतो. टीव्हीचे उपग्रह तिथे पृथ्वीच्या परिवलनाच्या तालात फिरतात, म्हणून गच्चीवरची डिश एकदा बसवली की पुन्हा वळवावी लागत नाही.

पायरी ६: वेगळ्या वाटेचे गोल

आता ‘वजा एक’ पुन्हा काढा. बुध सूर्याभोवती दोन फेऱ्या मारतो तेवढ्यात स्वतःभोवती तीनदा फिरतो. तीनातून दोन गेले, एक उरला: त्याची दोन वर्षं झाली की तिथे एक दिवस होतो, १७६ पृथ्वी-दिवसांचा. बुधाची एकच बाजू सूर्याकडे असते असं खगोलशास्त्रज्ञ कित्येक वर्षं मानत होते. १९६५ मध्ये अरेसिबो वेधशाळेच्या रडारने तो समज मोडला.

शुक्र उलट दिशेने फिरतो, तेही अतिशय सावकाश: एका परिवलनाला २४३ दिवस, वर्षाला २२५. उलट फिरणाऱ्यासाठी एक वजा करायच्या जागी मिळवायचा. वर्षात ०.९२ फेरी, अधिक एक म्हणजे १.९२, आणि २२५ ला १.९२ ने भागलं की सुमारे ११७ दिवस. शुक्रावर एवढ्या काळाने सूर्य पुन्हा उगवतो, आणि तो पश्चिमेला उगवतो.

मंगळाचा चंद्र फोबॉस ७ तास ३९ मिनिटांत फेरी मारतो, तर मंगळाचं परिवलन २४ तास ३७ मिनिटांचं. चंद्रच ग्रहाच्या पुढे पळतो, म्हणून मंगळावरून पाहिलं तर फोबॉसही पश्चिमेला उगवून पूर्वेला मावळतो. युरेनस जवळजवळ आडवा पडून फिरतो. नेपच्यूनचा चंद्र ट्रायटन उलट्या कक्षेत आहे. प्लुटो आणि त्याचा चंद्र शेरॉन एकमेकांना कायम तीच बाजू दाखवतात. शनीचा हायपेरियन मात्र वेडावाकडा गडगडतो, त्याला ठराविक परिवलनच नाही.

पायरी ७: मंगळाचं वक्री होणं नोंदवा

ही पायरी सर्वांत शेवटी, कारण इथे दोन ग्रहांची परिभ्रमणं एकत्र दिसतात. ग्रह एरवी ताऱ्यांमधून पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात. पृथ्वी आतल्या कक्षेत असल्याने जास्त वेगाने जाते आणि साधारण २६ महिन्यांनी मंगळाला मागे टाकते. त्या काळात आपल्याला मंगळ ताऱ्यांमधून उलटा, पश्चिमेकडे जाताना दिसतो. तो मागे फिरलेला नसतो, आपण त्याच्या पुढे गेलेलो असतो.

१९ फेब्रुवारी २०२७ ला मंगळ सूर्याच्या विरुद्ध बाजूला, मघा नक्षत्राच्या ठळक ताऱ्याजवळ आहे. गुरूही त्या दिवसांत जवळपासच असेल. डिसेंबर २०२६ च्या सुरुवातीला त्या भागातल्या ताऱ्यांचा नकाशा ॲपवरून वहीत उतरवून घ्या, ग्रह न दाखवता. मग आठवड्यातून एकदा मंगळाची जागा शेजारच्या ताऱ्यांच्या संदर्भाने बिंदू देऊन लिहा, बिंदूशेजारी तारीख. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात बिंदू एका जागी दाटतील, मग उलटे चालू लागतील, आणि एप्रिलच्या सुरुवातीला पुन्हा थांबून पूर्वेकडे वळतील. एखादा आठवडा ढगांमुळे गेला तरी नोंदी सोडू नका, दोन्ही थांबे मिळाले की मधली वाट सहज जोडता येते.